मामाची लीज, मामीचा डबा

पेंडल हिल, सिडनी
१८ ऑक्टोबर २०२५

भाडेकरू कु. मयूरा गुप्ते यांस,

घरमालक मोहन टिपणीस यांजकडून कळवण्यात येते की आपल्या क्वेकर्स हिलच्या फ्लॅटचं सहामाही इन्स्पेक्शन गेल्या रविवारी पार पडलं. भिंती ठीक. नळ ठीक. स्वयंपाकाचा ओटा घरमालकाच्या स्वतःच्या ओट्यापेक्षा स्वच्छ आढळला, ही बाब घरमालकाच्या पत्नीने हेरली आणि घरी येईपर्यंत गाडीत ऐकवली. बाल्कनीत एक कुंडी परवानगीशिवाय ठेवलेली दिसली. तिच्यात तुळस असल्याने तिला अभय देण्यात येत आहे.

इथे घरमालक संपला. आता मामा.

चि. मयूरा, हसू नकोस. काही वर्षांपूर्वी मी पॅरामॅटाच्या एका हॉटेलात प्रॉपर्टीच्या सेमिनारला गेलो होतो. जेवण फुकट होतं. तिथल्या टायवाल्याने दोन गोष्टी सांगितल्या: नातेवाइकाला घर भाड्याने देऊ नका, आणि दिलंतच तर सगळं लेखी ठेवा. पहिली मी ऐकली नाही, म्हणून दुसरी जिवापाड पाळतो. फोनवर घराविषयी एक शब्द बोलायचा नाही. पत्र लिहायचं, तुझ्या नलिनीमामीच्या डब्याच्या पिशवीत ठेवायचं. तिच्या नोकरीचं चाइल्डकेअर तुझ्या बिल्डिंगच्या समोरच असताना स्टॅम्पला पैसे कोण घालवतो?

मंडळात मला लोक ‘प्रॉपर्टीवाले टिपणीस’ म्हणतात. माझी सगळी प्रॉपर्टी म्हणजे तुझा एक बेडरूमचा फ्लॅट. त्यातली बाथरूम माझी असावी, बाकी सगळं बँकेचं आहे.

आमचा अनिश दिवाळीला मेलबर्नच्या क्लेटनहून येत नाहीये. युनीची परीक्षा आहे. मी त्याच्याशी पोटतिडकीने मराठीत बोललो आणि त्याने ‘यप’ असं उत्तर दिलं. त्यामुळे त्याच्या वाटणीचे खाजाचे कानवलेही तुझ्याच डब्यात आहेत.

तुझा मामा


क्वेकर्स हिल
२७ ऑक्टोबर

प्रिय घरमालक आणि त्याहून प्रिय मामा,

इन्स्पेक्शनचा अहवाल मिळाला. एक कबूल करते. मी इथल्या हवाई दलातली अधिकारी आहे, तळावर माझ्या सहीशिवाय विमानात एक खोकं चढत नाही, पण तू येणार म्हणून आदल्या दिवशी मी टूथब्रशने ओटा घासला. एवढी तयारी मी ट्रेनिंगमध्ये केली असती तर मेडल मिळालं असतं.

कानवले तळावर नेले. आमचा सार्जंट एक खाऊन म्हणाला, “मेट, दीज आर डेंजरस,” आणि मग आणखी तीन धोके पत्करले. डब्यात अक्रोडाचा केक आहे. खालून करपला होता, तो भाग कापून टाकलाय, म्हणून तो बुटका दिसतोय. पण रिकामा डबा परत करायचा नाही हे आईने मला नाशिकला अ आ ई शिकवायच्या आधी शिकवलंय.

आता एक सल्ला हवा आहे. माझ्याबरोबर श्रिया म्हणून एक मैत्रीण आहे, हवाई दलातलीच. तिने नात्यातल्या एका काकांचा फ्लॅट दोन वर्षांच्या लीजवर घेतलाय. आम्हा फौजी लोकांच्या लीजमध्ये एक नेहमीचं कलम घालून घेतात: पोस्टिंगचा हुकूम आला तर नोटीस द्यायची आणि काही न भरता घर सोडायचं. आमच्या हाउसिंगच्या बाई तर त्यासाठी मागेच लागतात. श्रियानेही ते घातलं होतं, पण सहीच्या वेळी काकांनी खोडलं आणि तिने मान देऊन खोडू दिलं. आता तिला पोस्टिंग आलंय, जानेवारीत निघायचंय, आणि लीजचं जवळजवळ एक वर्ष बाकी आहे.

तिने काय करावं? घरमालक म्हणून सांग. मामा म्हणून नको, मामा म्हणून तू मऊ पडतोस.

तुझी मयूरा


पेंडल हिल
२ नोव्हेंबर

चि. मयूरा,

केक उत्तम होता. बुटका होता हे खरं, पण टिपणिसांच्या घरात उंचीवरून कोणी कोणाला बोलत नाही.

तुझ्या मैत्रिणीचा प्रश्न वाचून मला बरं वाटलं. या वयात कोणी सल्ला विचारला की रक्तदाब उतरतो. घरातलं कोणी विचारत नाही. अनिशला मी न विचारता देतो, तर तो हेडफोन लावतो.

तर ऐक. काकांचं मुळीच चुकलेलं नाही. मी तरी काय केलं होतं? गेल्या वर्षी दसऱ्याला तू लीज टाइप करून आणलीस, त्यात ‘बदली झाल्यास भाडेकरू निघून जाईल’ असं काहीतरी होतंच. मी तिथल्या तिथे लाल पेनने खोडलं आणि तुझी सही घेतली. आपण शेजारी साखर मागायला जातानासुद्धा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि सोनं लुटायच्या दिवशी घरात पाऊल टाकताना निघून जाण्याची भाषा लिहायची? ते काकाही बहुधा आपल्यातलेच असावेत. माणूस जाणता दिसतो.

आता कायदा. श्रियाला लीज संपेपर्यंतचं सगळं भाडं भरावं लागेल. पै न पै. सेमिनारमध्ये टायवाल्याने हे स्पष्ट सांगितलं होतं. करार म्हणजे करार. नात्यात व्यवहार आणू नये हे खरं, पण व्यवहारात नातंही आणू नये.

माझं स्पष्ट मत विचारशील तर तिने पोस्टिंग बदलून घ्यावं आणि गप्प इथेच राहावं. हवाई दलाचं काय अडणार आहे? एक मुलगी नाही गेली तर दुसरी जाईल. पोस्टिंग पुढच्या वर्षी पुन्हा येतं, चांगला घरमालक पुन्हा मिळत नाही. हे तिला माझ्या नावाने सांगितलंस तरी चालेल.

सोबत सोड्याची खिचडी. नलिनी म्हणते गरम करताना वरून पाणी शिंपड.

मामा


क्वेकर्स हिल
८ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तुझं मत श्रियाला कळवलं. तिने ते ऐकलं. पोस्टिंगचा फेरविचार व्हावा असा अर्ज तिने काल दिला.

मामीला खिचडी आवडली म्हणून सांग. डबा सोबत आहे.

मयूरा


पेंडल हिल
९ नोव्हेंबर

चि. मयूरा,

तुझं पत्र वाचून मी खूश होतो. माझ्या सल्ल्याने एका फौजी अधिकाऱ्याने निर्णय बदलला, म्हणजे एका अर्थी मी देशाच्या संरक्षणात हात घातला. हे वाक्य मी नलिनीला वाचून दाखवत होतो, तेवढ्यात तिने पिशवीतून डबा काढला आणि उघडला.

डबा रिकामा होता.

धुतलेला होता, पुसलेला होता, पण रिकामा. नलिनीने झाकण उलटं करून पाहिलं. मी पिशवी झटकली. मी म्हटलं, घाईत राहिलं असेल, तळावर काम असेल. तिने झाकण पुन्हा लावून डबा ओट्यावर ठेवला. लग्न झाल्यापासून तिचा डबा कोणाच्या घरून रिकामा आलेला नाही. आमच्या जुन्या शेजाऱ्यांशी कुंपणावरून भांडण झालं होतं, तेव्हासुद्धा त्या बाईंनी त्यात दोन लिंबं घालून परत केला होता.

तू बरी आहेस ना? खिचडी खारट झाली होती का? मला जरा जास्त वाटली होती, पण मी तसं बोलत नाही, मला या घरात राहायचंय.

मामा

ता.क. मयूरा, मी नलिनीमामी. ह्यांच्या पत्राखाली दोन ओळी लिहिते. खिचडी खारट नव्हती. तुझं आधीचं पत्र मी आज पुन्हा वाचलं. नात्यातला काका, दोन वर्षांची लीज, खोडलेलं कलम. ही श्रिया जेवायला कुठे असते ग? क्वेकर्स हिललाच ना? ह्यांना अजून उजाडलेलं नाही, शेजारी बसून खिचडी खारट होती का म्हणून विचारतायत. तू मला खरं काय ते लिही.


क्वेकर्स हिल
१३ नोव्हेंबर

प्रिय मामा, प्रिय मामी,

श्रिया नाही. मीच.

मला टिंडलचं पोस्टिंग आलंय. नॉर्दर्न टेरिटरीत, कॅथरीन गावाजवळ. जगाच्या पाठीवर नाही, जरा खालच्या बाजूला. तिथे मला माझं स्वतःचं सेक्शन मिळणार आहे. इथे मी कोणाच्या तरी हाताखाली सह्या करते, तिथे माझ्या हाताखाली माणसं असतील. हे पोस्टिंग मी पसंतीक्रमात पहिलं लिहिलं होतं. मिळालं तेव्हा ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन उड्या मारल्या. युनिफॉर्ममध्ये.

आणि मग तुझा फ्लॅट आठवला. तुझा बँकेचा हप्ता माझ्या भाड्यावर चालतो हे मला माहीत आहे, तू बाथरूमचा विनोद करतोस तेव्हासुद्धा मला ते कळतं. सरळ विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून श्रिया जन्माला घातली. मला वाटलं होतं, दुसऱ्याच्या मुलीविषयी तू म्हणशील, अरे, जाऊ द्या की पोरीला. तू म्हणालास, पै न पै.

मग मी अर्ज दिला की घरगुती कारणामुळे मला सिडनीतच राहू द्यावं. पुढच्या शुक्रवारी त्याचा निकाल लागेल. आमचे वरिष्ठ भले आहेत, बहुतेक मंजूर करतील. मग टिंडलला दुसरं कोणी जाईल, तू म्हणालास तसंच.

डब्याचं खरं सांगते. रागावून रिकामा नाही पाठवला. स्वयंपाकघरात उभी राहिले, काय भरावं सुचेना. फ्रिजमध्ये होतं सगळं. पण जे हातात घ्यावं ते खोटं वाटायला लागलं.

मयूरा


पेंडल हिल
१६ नोव्हेंबर

चि. मयूरा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी नलिनीने मला माझंच दोन तारखेचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. तू त्याचा फोटो तिला पाठवलास, ती म्हणाली. योग्यच केलंस, सगळं लेखी असावं. ‘चांगला घरमालक पुन्हा मिळत नाही’ या वाक्याला ती थांबली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि तेच वाक्य परत वाचलं. मंडळाच्या नाट्यवाचनात तिला कधी एवढा ठहराव जमला नव्हता.

मी मूर्ख आहे हे मला अधूनमधून कळत असतं, पण इतकं व्यवस्थित, तारखेसकट कधी कळलं नव्हतं. तू माझी गोष्ट मला सांगितलीस, मी त्यात माझं स्वतःचं उदाहरण दिलं, आणि तरीही मला ती ओळखू आली नाही. वर त्या काकांना जाणता म्हटलं.

मग मी भाडेकरूंच्या सल्ल्याच्या एका फोनलाइनवर फोन केला. घरमालक असून. पलीकडच्या माणसाला सगळं सांगितलं, दसऱ्यापासून. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “मेट, दोघांचीही लीज मोडायची तयारी आहे?” मी म्हटलं, हो. “मग दोघांनी तसं एका कागदावर लिहा आणि सही करा. प्रॉब्लेम काय आहे?” मी म्हटलं, आणि मालक तयार नसता तर? तर म्हणे ठरावीक ब्रेक फी, तुझ्या बाबतीत दोन आठवड्यांचं भाडं, की भाडेकरू मोकळा. कायदा बदलून काही वर्षं झाली. माझा टायवाला जुना होता. फुकटचं जेवण असंच असतं, पोटात गेल्यावर बरेच दिवस त्रास देतं.

दोघांच्या संमतीचा कागद सोबत आहे. माझी सही केलेली आहे. ब्रेक फी नको. तू सही कर आणि आजच्या आज तो अर्ज मागे घे.

एकच कळलं नाही. मी बावळट आहे, ते घराण्यात ठाऊक आहे. पण तू आख्खं विमान भरतेस, तुझ्या त्या हाउसिंगच्या बाई हाताशी. तुला हे साधं कसं कळलं नाही?

मामा

ता.क. मी नलिनी. अशुभ वगैरे काही नसतं ग. ह्यांनी कलम खोडलं कारण दर शनिवारी तुला गाडीने जेवायला आणतात, ह्यांच्याशी मराठीत वाद घालायला दुसरं माणूस नाही. अनिश ‘यप’ म्हणतो, मी ऐकून घेत नाही. राहिलीस तू. तेवढ्यासाठी तुला दोन वर्षं बांधून ठेवायला निघाले होते. डब्यात भानोलं आहे.


क्वेकर्स हिल
१८ नोव्हेंबर

प्रिय मामा,

मला कळलं होतं.

हाउसिंगच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की कलम नसलं तरी दोन आठवड्यांच्या ब्रेक फीवर सुटका होते. तुझं ‘पै न पै’ आलं तेव्हा ते चूक आहे हे मला ठाऊक होतं. तरी मी ते खरं मानलं. मला ते खरं हवं होतं.

उड्या मारल्या हे खोटं नाही. पण त्याच रात्री मी टिंडलच्या सेक्शनची माहिती वाचली. माझ्या हाताखाली येणारी काही माणसं मी शाळेत होते तेव्हापासून हे काम करतायत. तिथलं ऊन, तिथली एकेकट्याची घरं, सगळ्यात जवळचं मोठं शहर काही तासांवर. आणि त्या सगळ्यांसमोर उभी राहून हुकूम देणार कोण, तर टूथब्रशने ओटा घासणारी मी. तेव्हा जी भीती बसली, ती अजून गेलेली नाही.

भीती वाटते म्हणून जात नाही, असं अर्जात लिहिता येत नाही, मामा. आईला फोनवर सांगता येत नाही. मामाची लीज मोडता येत नाही म्हणून थांबले, हे मात्र किती चांगलं दिसतं. संस्कारी मुलगी, व्यवहाराला चोख. तुझी लीज मी ढालीसारखी पुढे धरली. तू बिचारा सेमिनार आठवून माझ्या भीतीला कायदा पुरवत होतास.

कागदावर सही केलेली नाही. अर्जही अजून मागे घेतलेला नाही. शुक्रवारला तीनच दिवस उरलेत.

भानोलं संपलं. डब्यात काय आहे ते बघ, नावं ठेवू नकोस.

मयूरा


पेंडल हिल
१९ नोव्हेंबर

भाडेकरू कु. मयूरा गुप्ते यांस नोटीस

आपण आमचा फ्लॅट जानेवारीत सोडावा. कारण: भाडेकरू घाबरलेली असून आमच्या घरात लपून बसली आहे असं निदर्शनास आलं आहे. फ्लॅट राहण्यासाठी दिला होता, लपण्यासाठी नव्हे. मूळ लीज शोधून काढली आहे. जे कलम लाल पेनने खोडलं होतं, त्या खोडण्यावर आज निळ्या पेनने काट मारली आहे, म्हणजे खोडलेलं खोडलं. हे कायद्यात बसतं की नाही ते मी फोनलाइनवाल्याला विचारणार नाही. त्याने माझा आवाज ओळखला तर पंचाईत.

आता मामा.

भीती वाटते, तर वाटते म्हण. मला म्हण, नलिनीला म्हण, ताईलासुद्धा म्हण, ती ऐकते त्यापेक्षा जास्त समजते. माझ्या लीजवर ढकलू नकोस. ती आधीच पुष्कळ सोसून बसली आहे.

तुला धीर द्यायचा मला अधिकार काय? या देशात आल्यापासूनचं माझं सर्वांत मोठं स्थलांतर म्हणजे पेंडल हिल स्टेशनच्या या बाजूच्या घरातून त्या बाजूच्या घरात. तेव्हाही सामान नलिनीने बांधलं, मी ट्रकवाल्याला रस्ता दाखवत होतो, तोही चुकीचा. पण तू शिकायला क्लेटनला एकटी आलीस ते मला आठवतं. पहिल्या दिवशी फोनवर रडलीस. तीन दिवसांनी मी धीर द्यायला फोन केला, तर तू मलाच मेलबर्नच्या ट्रॅमचं तिकीट कसं काढायचं ते समजावून सांगितलंस. मी सिडनीत राहतो, मला त्याचा काय उपयोग, हे तुझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. तुझी भीती तेवढीच असते. तीन दिवस.

नलिनी म्हणाली ते खरं आहे. तू जायला नको आहेस मला. शनिवारी मी गाडी काढीन आणि कुठे जायचं ते आठवून परत आत येईन. पण भीतीने थांबलेली तू शनिवारी समोर बसलीस, तर मला घास उतरणार नाही. तू जा. अर्ज मागे घे, कागदावर सही कर.

डब्यातला शिरा खाल्ला. साखर कमी, गाठी जास्त. रडत ढवळलास का? आम्ही दोघांनी चाटूनपुसून संपवला.

मामा


टिंडल, नॉर्दर्न टेरिटरी
१ फेब्रुवारी २०२६

प्रिय मामा, मामी,

हे पत्र पोस्टाने येतंय. इथून तुमच्याकडे कोणाचं चाइल्डकेअर समोर नाही.

उकाडा असा आहे की सकाळी अंघोळ केली ती कधी संपली आणि घाम कधी सुरू झाला ते कळत नाही. घराच्या मागे आंब्याचं झाड आहे, पण आंबे मी यायच्या आधीच संपले. माझं नशीब तेवढं वेळेवर असतं.

पहिला दिवस सांगते. सकाळी लवकर पोचले, हँगरमध्ये चार माणसं उभी होती. मी घसा साफ केला आणि पाठ केलेलं भाषण ठोकलं. शिस्त, सुरक्षितता, माझं दार सगळ्यांना उघडं. ती मन लावून ऐकत होती. संपल्यावर एकाने टाळ्याही वाजवल्या. मग म्हणाला, “लव्हली, मॅम. एसी कुठे बिघडलाय ते दाखवता?” ते दुरुस्तीवाले होते. माझी माणसं दुपारी आली. त्यांनाही तेच भाषण केलं. एव्हाना चांगलं बसलं होतं.

माझा सार्जंट पंचावन्नचा आहे. दर वाक्याला “नो वरीज, मॅम” म्हणतो आणि मग त्याला हवं तेच करतो. गेल्या आठवड्यात मी एक खेप थांबवली, वजनाची वाटणी मला पटली नाही. सगळे बघत होते. तो परत मोजायला गेला, आला आणि म्हणाला, “गुड कॉल.” नो वरीज म्हणाला नाही. मी टॉयलेटमध्ये जाऊन उड्या मारल्या.

भीती गेलेली नाही, मामा. तीन दिवसांत जाते म्हणालास, ते चूक निघालं. सेमिनारला गेला होतास का? पण आता ती माझ्याबरोबर कामाला येते, आणि बऱ्यापैकी शिस्तीत राहते.

तुला ब्रेक फी पाठवली होती, तू परत पाठवलीस. पुन्हा पाठवीन. आणि मामीचा डबा चुकून माझ्या सामानात आलाय. धुऊन ठेवलाय. पोस्टाने पाठवू का?

तुमची मयूरा


पेंडल हिल
१५ फेब्रुवारी

चि. मयूरा,

तुझं पत्र नलिनीने तीनदा वाचलं. एसीवाल्यांपाशी दर वेळी थांबते आणि माझ्याकडे बघते. म्हणते, भाचीच तुमची.

तू सुचवलेली विनिता फ्लॅटमध्ये आली. तुझ्याच इथल्या जुन्या तळावर दातांची डॉक्टर आहे. तिची लीज या वेळी मी टाइप केली. पोस्टिंग आलं तर नोटीस द्यावी आणि खुशाल जावं, हे कलम सगळ्यात वर घातलं, ठळक अक्षरांत. ती म्हणाली, “अंकल, मला तर इथून कुठे पोस्टिंग नकोच आहे.” मी म्हटलं, असू दे, जागा धरून ठेवली आहे. तुळस तिच्याकडेच आहे. तिला मराठी येत नाही, पाणी मात्र घालते.

शनिवारी मी गाडी काढतो आणि परत आत येतो. काल अनिशचा फोन आला. मी त्याला तुझी गोष्ट सांगितली, मराठीत, एसीवाल्यांसकट. तो हसला. मग चक्क म्हणाला, “मग पुढे काय झालं?” मराठीत. व्याकरणाला नावं ठेवायला जागा नव्हती. मी पुढचं सगळं तिखटमीठ लावून सांगितलं.

ब्रेक फी पुन्हा पाठवू नकोस, परत पाठवण्यातच माझं बँकेचं शिक्षण होतंय. राहता राहिला डबा. तो चुकून गेलेला नाही, नलिनीने तुझ्या खोक्यात मुद्दाम ठेवला होता. मी बघितलं होतं. फ्लॅटच्या लीजमध्ये सुटकेचं कलम आहे, डब्याला नाही. तो पोस्टाने येत नाही, भरून हातात घेऊन यायचं असतं. कधी ते हवाई दलाला ठरवू दे.

हे लिहीत असताना नलिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, तिला लिहा, रिकामा असला तरी चालेल.

मामा